महागडा प्रोसेसर घेण्याआधी तो मे महिन्याच्या दुपारी तोलून पाहावा

सोळा कोअरच्या (एकाच चिपमध्ये सोळा स्वतंत्र गणन-विभाग असलेल्या) प्रोसेसरची चौकशी माझ्याकडे मुख्यतः दोन प्रकारचे लोक करतात: लग्नाचे आणि अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ करणारे संकलक, आणि नुकतीच नोकरी लागलेले, गेमची आवड असलेले तरुण. दोघांनाही मी आधी एकच गोष्ट करायला सांगतो. सध्याच्या संगणकावर नेहमीचे काम सुरू ठेवून विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडावा, सीपीयूच्या आलेखावर उजवी क्लिक करून प्रत्येक लॉजिकल प्रोसेसरचा (विंडोज मोजते त्या प्रत्येक गणन-विभागाचा) आलेख वेगळा दिसेल असे करावे आणि दहा मिनिटे पाहत बसावे. सगळे चौकोन काठोकाठ भरत असतील, तर जास्त कोअर कामी येतील. दोन-तीनच भरून बाकीचे रिकामे राहत असतील, तर सोळा कोअरसाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही.

गेमपुरता प्रश्न लवकर सुटतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या एएमडीच्या रायझन ७ ९८००एक्स३डी या प्रोसेसरला ८ च कोअर आहेत, पण त्याच्याजवळ ९६ एमबी एल-३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली अतिजलद स्मृती) असल्यामुळे बहुतेक गेममध्ये तो त्याच कंपनीच्या सोळा कोअरच्या ९९५०एक्सलाही मागे टाकतो.

संकलकाने मात्र कोअर मोजण्याआधी आपल्या कॅमेऱ्याची फाईल तपासावी. ती १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी (रंगांची जास्त माहिती ठेवणारा, दाबून साठवलेला व्हिडिओ प्रकार) असेल, तर इंटेलच्या कोअर अल्ट्रा ९ २८५केमधले अंगभूत ग्राफिक्स ती थेट उलगडू शकते. रायझनमधल्या अंगभूत ग्राफिक्सला आणि एनव्हिडियाच्या ५० मालिकेआधीच्या ग्राफिक्स कार्डांना हे जमत नाही, आणि मग संकलनाच्या सॉफ्टवेअरमधली टाइमलाइन अडखळू लागली की दोष उगाच रॅमला दिला जातो. इंटेलच्याच ज्या मॉडेलच्या नावात ‘एफ’ असतो, त्यात अंगभूत ग्राफिक्स चालू नसते, हेही बिल करण्यापूर्वी पाहून घ्यावे.

आता उष्णतेकडे वळू, कारण परीक्षणांतले आकडे आपल्याकडे फसतात ते येथेच. खोक्यावरचा वॅटचा आकडा ही कमाल मर्यादा नसते: रायझन ९ ७९५०एक्सवर १७० वॅट लिहिलेले असले, तरी तो २३० वॅटपर्यंत जातो, आणि २८५केवर १२५ असले, तरी मर्यादा २५० असते. प्रोसेसरवरचा कूलर चिपला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. समजा, २२ अंशांच्या वातानुकूलित खोलीत चिप ८२ अंशांवर स्थिरावली, म्हणजे हवेपेक्षा ६० अंश वर राहिली. तोच संच जळगाव-भुसावळकडच्या पत्र्याच्या छताखाली, दुपारी ४२ अंशांच्या खोलीत ठेवला, तर हिशेब १०२ वर जातो. ७९५०एक्सची मर्यादा ९५ अंशांची असल्यामुळे तो स्वतःच वेग उतरवतो, म्हणजे ज्या वेगासाठी जादा पैसे मोजले, नेमका तोच हातचा जातो. (खिडकीतल्या वाळ्याच्या कूलरचा ओला झोत कॅबिनेटवर सोडणे हा यावरचा उपाय नव्हे.)

त्यापेक्षा बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) इको मोड (कमी वीज घेण्याचा पर्याय) लावून १०५ वॅटचा पर्याय निवडावा. प्रत्यक्ष मर्यादा १४२ वॅटवर येते. मी माझ्या संगणकावर एप्रिल ते जून हेच ठेवतो. एक्स्पोर्टला थोडा वेळ जास्त लागतो, पण पंख्याचा आवाज शेजारच्या खोलीत जात नाही. दिवसाला आठ तास पूर्ण भार धरला, तर सुमारे ०.७ युनिट वीजही वाचते. यूपीएसचाही विचार याच वेळी करावा, कारण घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो आणि २३० वॅटच्या प्रोसेसरसोबत मोठे ग्राफिक्स कार्ड असेल, तर वीज जाताच संगणकही बंद पडतो.

वापरलेला इंटेलचा आय९-१३९००के किंवा १४९००के स्वस्तात मिळत असेल, तर घाई करू नये. या दोन पिढ्यांमध्ये जादा व्होल्टेजमुळे अस्थिरता येत होती आणि इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून त्यासाठी मायक्रोकोड (चिपच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिले. पण आधीच झिजलेली चिप त्याने पूर्ववत होत नाही. म्हणून विकणाऱ्याच्या समोरच नवे बायोस टाकून तासभर रेंडर चालवून पाहावे आणि मूळ बिल मागून घ्यावे, कारण इंटेलने खोक्यातून विकलेल्या या चिपची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवलेली आहे.