बेवारस पिशवी, वाहतं रक्त आणि अफवा: खान्देशातल्या गावा-शहरांसाठी तयारी

एसटीच्या खिडकीतून पिशवी टाकून जागा धरणारा आपला मुलुख. धुळ्याच्या किंवा जळगावच्या स्टँडवर ‘बेवारस वस्तू दिसल्यास कळवा’ ही पाटी शब्दशः पाळायची म्हटली तर पोलिसांना दुसरं कामच उरणार नाही. म्हणून आधी वस्तूकडे नीट बघायला शिकायचं.

तीन प्रश्न विचारा. वस्तू मुद्दाम लपवलेली आहे का, म्हणजे बाकाखाली खोल सरकवलेली, कचरापेटीमागे किंवा फलकाआड ठेवलेली? तिच्यात वायर, बॅटरी, घड्याळ, टेपने गुंडाळलेला डबा असं काही दिसतंय का, की विचित्र वास येतोय? आणि ती त्या जागेला न शोभणारी आहे का? बाजार समितीत बेवारस गोणी असणं नवलाचं नाही, मंदिराच्या गाभाऱ्याजवळ सुटकेस असणं आहे. तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर मोठ्याने विचारा, ‘ही पिशवी कोणाची?’ बहुतेक वेळा मालक चहाच्या टपरीवरून धावत येतो. एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर विचारत बसू नका. हात लावायचा नाही, पाणी ओतायचं नाही, वाळूची गोणी टाकायची नाही. आधी लांब जायचं, मग ११२ ला फोन. रेल्वेच्या हद्दीत १३९. वस्तूशेजारी उभं राहून मोबाइल वापरायचा नाही.

लांब म्हणजे किती? पाठीवरच्या पिशवीएवढी वस्तू असेल तर किमान १०० मीटर, म्हणजे साधारण १३० ते १४० पावलं. मोठी सुटकेस किंवा कार असेल तर २०० मीटर, ट्रक-टेम्पो असेल तर ४००. लोक इथेच चुकतात: रस्ता ओलांडून समोरच्या दुकानाच्या काचेआड उभे राहून बघत बसतात. स्फोटात बरीच माणसं उडणाऱ्या काचांनी जखमी होतात. भिंतीआड जा, काचेआड नाही.

स्फोट झालाच, तर जवळच्यांना काही मिनिटं, कधी त्याहून जास्त वेळ ऐकू येत नाही. ओरडून उपयोग नसतो, हाताने दिशा दाखवा. जिथे सगळे गोळा होतात तिथे दुसरा स्फोट घडवायची पद्धत जुनी आहे. म्हणून बघ्यांनी पुढे यायचं नाही, आणि चालता येणाऱ्या जखमींना आधी तिथून बाहेर काढायचं.

आता रक्त. मोठी रक्तवाहिनी फुटली तर पाच मिनिटांतही जीव जातो. १०८ ची गाडी जळगाव शहरातसुद्धा तेवढ्यात पोहोचेलच असं नाही, धडगाव-अक्कलकुव्याची तर बातच सोडा. हे काम जागेवरच्या माणसांनाच करावं लागतं.

रक्त उसळत असेल किंवा थांबत नसेल तर स्वच्छ सुती कापड जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून दाबा. दहा मिनिटं उचलून बघायचं नाही. थांबलं का ते बघायच्या नादात धरत आलेली गुठळी निघते. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. जांघ किंवा काखेतली जखम खोल असेल तर कापड आत कोंबून दाबा. छातीच्या आणि पोटाच्या जखमेत मात्र काही कोंबायचं नाही. आपला मुलुख कापसाचा असला तरी सुटा कापूस वापरू नका, तंतू जखमेत अडकतात. हळद, चुना, तंबाखूही नको. पत्रा किंवा काच रुतली असेल तर उपटू नका. तिने रक्त अडवून धरलेलं असतं. दोन्ही बाजूंनी दाबा.

हाता-पायातलं रक्त दाबून थांबत नसेल तर आवळपट्टी बांधा. उपरणं किंवा ओढणी घडी घालून तीन बोटं रुंद करा. सुतळी, वायर, बुटाची नाडी नको, ती मांसात रुतते. जखमेच्या वर, धडाच्या बाजूला, पाच ते सात सेंटिमीटरवर बांधा. सांध्यावर कधीच नाही. गुडघ्याला किंवा कोपराला लागलं असेल तर सांध्याच्या वर जा. एक गाठ मारून त्यावर मजबूत काठी किंवा स्क्रूड्रायव्हर ठेवा (पेन्सिल मोडते), वरून दुसरी गाठ मारा आणि रक्त थांबेपर्यंत पिळा. मग काठी बांधून टाका. जखमी ओरडेल, भयंकर दुखतं. दया येऊन सैल करणं ही सगळ्यात मोठी चूक: अर्धवट आवळलेल्या पट्टीने परत जाणारं रक्त अडतं, येणारं चालूच राहतं, आणि रक्तस्राव वाढतो. बांधल्याची वेळ कपाळावर पेनने लिहा. पट्टी सोडायची ती दवाखान्यातच.

मे महिन्यात बाहेर ४४ अंश असले तरी रक्त गेलेला माणूस थंड पडतो आणि थंड पडला की रक्त गोठायला वेळ लागतो. तापलेल्या डांबरावरून उचलून सावलीत न्या, अंगावर चादर घाला. बेशुद्ध पण श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. तोंडात पाणी घालू नका.

गोळीबाराचं सूत्र साधं आहे: पळता आलं तर पळा, नाही तर लपा, मग कळवा. पत्र्याची टपरी, प्लायवूड, गाडीचं दार यांतून गोळी आरपार जाते. जुन्या धाब्याच्या घराची जाड मातीची भिंत किंवा गाडीचं इंजिन बरं. मोबाइलचा आवाज आणि थरथर दोन्ही बंद करा. पोलिस आले की हात रिकामे आणि वर. त्यांच्या हालचालींचं चित्रण टाकू नका. २६/११ ला टीव्हीवरचं थेट प्रक्षेपण हल्लेखोरांच्या सूत्रधारांपर्यंत पोहोचत होतं.

गणेश मंडळं आणि यात्रा समित्यांनी (सारंगखेड्याचा घोडेबाजार असो की अमळनेरचा रथ) मंडप घालतानाच समोरासमोरच्या बाजूंना दोन वाटा ठेवाव्यात. बाहेर पडायच्या बाजूचे बांबू तारेने न बांधता सुतळीने बांधा, म्हणजे कात्रीने कापता येतात. रुग्णवाहिकेसाठी चार मीटर रस्ता मोकळा हवा. तो अडवतात त्या मोटारसायकली, म्हणून तिथे एक माणूस फक्त त्यासाठीच उभा करा. जनरेटर बंद पडला की माइक बंद होतो. बॅटरीवरचा भोंगा आणि शिट्ट्या वेगळ्या ठेवा. घोषणा आधीच लिहून ठेवा, मराठीत आणि अहिराणीत, सातपुड्याच्या बाजूला भिलीत किंवा पावरीतही. ‘बॉम्ब’ म्हणायचं नाही आणि ‘घाबरू नका’ही नाही, ते ऐकूनच लोक घाबरतात. दिशा सांगा: ‘कार्यक्रम थोडा वेळ थांबवत आहोत. डाव्या बाजूची मंडळी आधी शाळेच्या मैदानाकडे चालत निघा.’

धमकीचा फोन आला तर समोरच्याला बोलतं ठेवा आणि शब्द जसेच्या तसे लिहा: कुठे ठेवलंय, कधी फुटणार, मागे गाडीचा, भोंग्याचा आवाज येतोय का. मेल आला तर पुसू नका, पुढेही पाठवू नका.

अफवेची तयारी मात्र सगळ्यात कमी होते, आणि खान्देशात अलीकडे माणसं मेली ती तिच्यामुळे. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना मारलं. २२ जानेवारी २०२५ ला पाचोऱ्याजवळ परधाडे इथे पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची आवई उठली, प्रवासी शेजारच्या रुळावर उतरले आणि कर्नाटक एक्सप्रेसखाली सापडले. आग नव्हतीच. गाडीतून उतरावंच लागलं तर ज्या बाजूला दुसरा रूळ नाही त्या बाजूने उतरा. शेजारचा रूळ रिकामाच आहे असं कधीच धरू नका. गावच्या ग्रुपवर अशी बातमी आली तर ती पोलीस पाटलाकडे किंवा ठाण्यात विचारूनच पुढे जाईल, हे आजच ठरवा. आणि संशय घ्यायचा तो माणसाच्या वागण्यावरून; कपड्यावरून किंवा बोलीवरून नाही.

मंडळाच्या पेटीत गॉझचे १० रोल, चार इंची क्रेप बँडेज १०, हातमोज्यांचे २० जोड, जाड कात्री, मार्कर, टॉर्च आणि दोन चादरी ठेवा. पेटी असते, पण ऑफिसात कुलूपबंद, आणि किल्ली सेक्रेटरीच्या खिशात. वर्षातून दोनदा सराव करा, त्यातला एक लाइट घालवून. सरावाच्या दिवशी सेक्रेटरीला मुद्दाम बाहेरगावी पाठवा आणि पेटी किती मिनिटांत हातात येते ते घड्याळ लावून बघा.