जुनी फियाट कोणत्या सालची, हे कसं ओळखावं

रस्त्यात जुनी फियाट दिसली की बहुतेक जण आधी नंबर प्लेट वाचतात आणि साल सांगून मोकळे होतात. ही पद्धत सोडा. गाडीची नोंद कुठे आणि साधारण कोणत्या काळात झाली एवढंच नंबर सांगतो. गाडी कधी बनली ते पत्रा, दारं आणि चेसिस नंबर यांवरून कळतं. म्हणून आधी बॉडी बघा, मग सुटे भाग, मग नंबर आणि शेवटी कागद.

फोटो समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी आणि डॅशबोर्डचा घ्या. मालक हजर असेल तर विचारून बॉनेटखालचाही घ्या.

बॉडी

हे काम सोपं आहे. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९५४ च्या सुमारास फियाट ११०० बांधायला घेतली. गोल पाठीची, फुगीर नाकाची ती गाडी म्हणजे आपली 'डुक्कर फियाट'. तिची पुढची दारं उलटी उघडतात, म्हणजे बिजागऱ्या मधल्या खांबावर असतात. दारं बंद असली तरी हँडलवरून ओळखता येतं. डुक्करच्या पुढच्या दाराचं हँडल दाराच्या पुढच्या कडेला असतं, त्यामुळे पुढचं आणि मागचं हँडल एकमेकांपासून लांब दिसतात. १९६४ पासूनच्या ११००डीमध्ये चारही हँडल आपापल्या दाराच्या मागच्या कडेला आहेत. लांबून काढलेल्या धूसर फोटोतही हा फरक दिसतो.

चौकोनी तोंड, बाजूला सरळ रेषा आणि मागे छोटे पंख असतील तर ती ११००डीच्या घराण्यातली. हाच साचा पुढे १९७२ मध्ये प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी या नावाने विकला गेला. इंजिन तेच १०८९ सीसीचं, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर आणि पुढे सलग बाकासारखी सीट. फ्लोअर गिअर आणि वेगळ्या सीटा असतील तर गाडी बहुधा शेवटच्या वर्षांतली, किंवा कुणीतरी नंतर बदल केलेला.

सुटे भाग: स्क्रूने निघतं तो पुरावा नाही

११००डी, प्रेसिडेंट आणि पद्मिनी या तिन्ही गाड्यांचे भाग एकमेकींना सहज बसतात, आणि तीच खरी अडचण आहे. जाळी, बंपर, टेललॅम्प, हबकॅप, नावाचा बिल्ला, सगळं चोरबाजारात किंवा भंगारवाल्याकडे मिळतं आणि अर्ध्या तासात चढतं. पद्मिनीला क्रोमची जुनी जाळी आणि 'फियाट'चा बिल्ला लावून ती १९६५ ची म्हणून उभी केलेली सर्रास दिसते. 'बिल्ला बघा म्हणजे मॉडेल कळेल' हा सल्ला देणाऱ्याने डिकीचं झाकण कधी आतून बघितलेलं नसतं.

तुम्ही मात्र बघा. बिल्ला बारीक खिळ्यांवर बसतो आणि त्यासाठी पत्र्याला भोकं असतात. 'प्रेसिडेंट' आणि 'पद्मिनी' या अक्षरांची लांबी वेगळी असल्यामुळे भोकं जुळत नाहीत. मग जुनी भोकं पुटीने बुजवून वर रंग मारतात. बाहेरून काही कळत नाही, पण झाकणाच्या आतल्या बाजूने बोट फिरवलं की बुजवलेल्या भोकाचा गोल उंचवटा हाताला लागतो. पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबकही तिथे नीट धरत नाही.

वेल्डिंग केलेले भाग, म्हणजे छत, खांब आणि फायरवॉल (इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा), यांना जास्त वजन द्या. इंजिनावर साल ठरवू नका. टॅक्सीच्या धंद्यात गाड्यांना डिझेल इंजिनं सर्रास बसवली गेली आणि पुढे सीएनजीही आला.

नंबर: इथे घाई करू नका

आधी प्लेटचा ढाचा बघा. १ जुलै १९८९ ला नवा मोटार वाहन कायदा लागू झाला आणि राज्याची दोन अक्षरं, कार्यालयाचा आकडा, मग मालिका अशी सध्याची पद्धत आली: एमएच-०१ ताडदेव, एमएच-०४ ठाणे, एमएच-०९ कोल्हापूर, एमएच-१२ पुणे. त्याआधी तीन अक्षरं आणि पुढे जास्तीत जास्त चार आकडे असायचे. मुंबईत 'बीएम'ने सुरू होणारे नंबर मुंबई राज्याच्या काळातले. महाराष्ट्र झाल्यावर 'एमआर', 'एमएम' अशा मालिका आल्या. जुन्या नंबराची गाडी राज्यातच राहिली तर तो नंबर तसाच चालतो, म्हणून असे नंबर आजही रस्त्यावर दिसतात.

पण पहिल्या अक्षरावर विसंबू नका. 'एम' म्हणजे महाराष्ट्रच असं नाही. 'एमएस' आणि 'एमडी' मद्रासचे, 'एमवाय' म्हैसूरचा, 'एमपी' मध्य प्रदेशचा. 'बी'चंही तसंच: 'बीआर' बिहारचा. दुसरं अक्षर वाचल्याशिवाय राज्य ठरवायचं नाही. गोव्याच्या जुन्या गाड्यांवर 'जीडी'ने सुरू होणारा नंबर असतो. पोर्तुगीज अमलात आलेल्या पन्नाशीच्या दशकातल्या युरोपीय गाडीवर तो दिसला, तर ही नोंद डिसेंबर १९६१ नंतरची हे नक्की. गाडी त्याहून जुनी असू शकते.

एमएच नंबर असला की गाडी १९८९ नंतरची, ही सगळ्यात जास्त पसरलेली चूक. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ इथे ठेवली तर नवा नंबर घ्यावा लागतो. म्हणजे १९६६ ची मद्रासची ११००डी पुण्यात आली की एमएच-१२ होते. परदेशी गाड्यांत हा घोळ आणखी वाढतो. वकिलातींनी वापरून झालेल्या बऱ्याच गाड्या सरकारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या गेल्या, त्यामुळे त्यांची भारतीय नोंद उत्पादनानंतर काही वर्षांनी झालेली असते.

देशी गाडीचीही नोंद अशी उशिरा होते. पद्मिनीचं उत्पादन २००१ च्या सुमारास संपलं, पण मुंबईतल्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची नोंद ताडदेवला २९ ऑक्टोबर २००३ ला झाली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस बंद झाली. नुसत्या नंबरावरून कुणी ती २००३ मध्ये बनली म्हणाला असता तर सपशेल चुकला असता.

आता रंग. जुन्या फोटोंत यावरून हमखास गफलत होते. २००१ च्या नियमबदलाआधी खासगी गाडीला काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं आणि टॅक्सी-ट्रकला पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं असायची. सत्तरच्या दशकातल्या फोटोत पांढरी पाटी दिसली तर ती गाडी भाड्याची समजा. याउलट आज नटवलेल्या गाडीवर काळी पाटी दिसली म्हणून भारावून जाऊ नका. ती परवाही रंगवलेली असू शकते. देवनागरी आकड्यांची पाटी असेल तर १ आणि ९ धूसर फोटोत सारखेच दिसतात, म्हणून मागची पाटीही ताडून बघा.

चेसिस नंबर आणि कागद

बॉनेट उघडून पट्टीवरचा आणि पत्र्यात ठोकलेला नंबर आरसी बुकाशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. ठोकलेले आकडे कमीजास्त खोल असतील किंवा आजूबाजूला ग्राइंडर फिरल्याच्या खुणा असतील तर ती गाडी विकत घेऊ नका, किंमत कितीही कमी असली तरी. इंजिन नंबर वेगळा असणं चालतं, पण त्या बदलाची नोंद आरसीत हवी. ऑनलाइन नोंदीतलं उत्पादनाचं वर्ष एकट्याने ग्राह्य धरू नका. जुन्या गाड्यांची माहिती नंतर हाताने भरलेली आहे.

गाडी पन्नाशीच्या पुढची असेल तर २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार तिची व्हिंटेज म्हणून नोंद होऊ शकते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते, प्रदर्शन, रॅली आणि दुरुस्तीपुरतीच बाहेर काढता येते. इथे पन्नास वर्षं पहिल्या नोंदणीपासून मोजतात, बनल्याच्या तारखेपासून नाही. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेली गाडी यात बसत नाही, म्हणजे डिझेल इंजिन बसवलेली ११००डी बाद. आधी पहिलं आरसी बुक शोधा. मूळ नंबर आणि पहिल्या नोंदणीची तारीख त्यातच मिळते.