सीव्हीटी गिअरबॉक्स उतरवण्याआधी काय तपासायचं, उतरवल्यावर काय करायचं

सीव्हीटीची, म्हणजे ठरावीक गिअरऐवजी बेल्ट-पुलीने रेशो बदलणाऱ्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गाडी झटके द्यायला लागली की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: गिअरबॉक्स गेला, बदलावा लागेल. नाशिकला अंबड एमआयडीसीत माझं गॅरेज आहे, ऑटोमॅटिक गाड्यांचं काम करतो. असं ऐकून हादरलेले लोक गाडी घेऊन येतात तेव्हा मी पहिल्यांदा हेच सांगतो की गिअरबॉक्स का गेला हे कळल्याशिवाय नवा बसवू नका. मूळ कारण तसंच राहिलं तर नवाही त्याच वाटेने जातो.

आतली रचना थोडक्यात. दोन पुली आणि त्यांच्यावरून फिरणारा पोलादी बेल्ट. शेकडो पातळ पोलादी तुकडे कड्यांवर ओवून तो बनवलेला असतो. ऑइलच्या दाबाने पुलीच्या दोन बाजू जवळ येतात किंवा लांब जातात, बेल्ट वरखाली सरकतो आणि रेशो बदलतो. बेल्ट घट्ट धरला जातो तोही याच दाबाने. दाब कमी पडला की बेल्ट घसरतो, पुलीवर ओरखडे उठतात, आणि एकदा ओरखडे उठले की ती पुली पुन्हा नीट पकड घेत नाही.

आता लक्षणं. २० ते ६० च्या वेगात हलक्या पायाने चालवताना गाडी थरथरते. आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) चढतो पण वेग वाढत नाही. डी किंवा आर टाकल्यावर क्षणभर काहीच होत नाही. गाडी तापली की पिकअप मरतो. यातली काही लक्षणं गिअरबॉक्सची नसतातही. त्र्यंबकेश्वरहून रोज ये-जा करणाऱ्या एका बाईंची गाडी पावसाळ्यात थरथरायची. दुसऱ्या गॅरेजने त्यांना लाखाच्या वर कोटेशन दिलं होतं. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरवर मिसफायरचे, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटल्याचे आकडे पाहिले तर तिसऱ्या सिलिंडरचे वाढत होते. प्लगला वीज देणारी कॉइल उपसली, तिचं रबर चिरलेलं आणि प्लगच्या खड्ड्यात पाणी. कॉइल आणि प्लग बदलले, गाडी सुतासारखी सरळ. इंजिनचं फाउंडेशन (ज्या रबरी आधारावर ते बसतं तो) तुटलं असेल तर ब्रेक दाबून डी मध्ये उभी असताना गाडी हादरते, एन मध्ये टाकली की हादरा कमी होतो. व्हील बेअरिंगचा आवाज वळणावर वजन एका बाजूला गेलं की बदलतो. हे सगळं आधी बाजूला काढा.

मग स्कॅनर लावून गाडी रस्त्यावर घ्या. स्कॅनरवर बिघाडाचे कोड दिसतात: पी०८६८ म्हणजे ऑइलचा दाब कमी, पी०७४६ आणि पी०७७६ म्हणजे दाब सांभाळणाऱ्या सोलेनॉइडची (विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हची) तक्रार, पी०७१५ आणि पी०७२० स्पीड सेन्सरचे. पण नुसता कोड वाचून निकाल देऊ नका, लाइव्ह डेटा बघा. इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर, आणि तो आतून घट्ट जोडला जातो ते लॉक-अप. लॉक-अप लागलेला असताना इंजिनचा आणि पहिल्या पुलीचा आरपीएम जवळजवळ सारखा हवा. थरथरताना या दोघांत फरक पडत असेल तर संशय टॉर्क कन्व्हर्टरवर. ते दोन्ही सोबत चालतात पण दोन पुलींमधला रेशो उड्या मारतो, तर बेल्ट घसरतोय. मागितलेला दाब आणि मिळालेला दाब शेजारी-शेजारी ठेवून बघा, आणि ही चाचणी थंड गाडीवर संपवू नका. मी कसारा घाट उतरून पुन्हा चढतो. गरम झाल्यावरच दाब कोसळत असेल तर ऑइल पंप, व्हॉल्व्ह बॉडी (ऑइलचा दाब जिकडे हवा तिकडे वळवणारा भाग) आणि ऑइल या तिघांकडे बघायचं.

यानंतर चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाचं ऑइलचं भांडं, खोला. माझ्या मते गिअरबॉक्सचा खरा जबाब इथेच मिळतो. चेंबरच्या तळाशी लोहचुंबक असतात. त्यांच्यावरचा थर पांढऱ्या सुती कापडावर पुसून उन्हात धरा. राखाडी, मऊ, लोण्यासारखा लेप ही साधी झीज आहे, घाबरायचं नाही. बोटांत चोळल्यावर टोचणारे, चमकणारे कण किंवा पापुद्रे निघाले की बेल्ट-पुलीचं काम संपलं, नुसत्या ऑइलने ते भरून येत नाही. ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय: साचलेल्या पाण्यातून गाडी नेल्यावर ब्रीदरमधून (गिअरबॉक्सची हवा जायची वाट), नाहीतर ऑइल थंड करणाऱ्या फुटलेल्या कूलरमधून. चेंबर स्वच्छ असेल तर आधी ऑइल आणि फिल्टर बदलून बघा, गरज पडली तर व्हॉल्व्ह बॉडी. ऑइल गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच. होंडाच्या अलीकडच्या सीव्हीटीला एचसीएफ-२ लागतं, निसानला मॉडेलप्रमाणे एनएस-२ किंवा एनएस-३. साधं एटीएफ (नेहमीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) सीव्हीटीत कधीही ओतू नये, त्यात पोलादावर पोलाद धरून ठेवण्याची ताकद नसते. ड्रेन बोल्ट उघडून सगळं ऑइल निघत नाही. बरंचसं कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये राहतं, म्हणून थोडी गाडी चालवून पुन्हा एकदा बदलावं.

बदलायचाच ठरला तर युनिट नीट निवडा. मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून वापरलेला आणणार असाल तर नंबर जुळवा, पैसे देण्याआधी त्याचा चेंबर उघडून घ्या, आणि त्याच्या व्हॉल्व्ह बॉडीचा कॅलिब्रेशन डेटा (त्या युनिटच्या दाबाची जुळवणूक सांगणारे आकडे) मागा. बऱ्याच गाड्यांत, निसानमध्ये तर नक्कीच, तो कंट्रोल युनिटमध्ये लिहावा लागतो. नाहीतर चांगला गिअरबॉक्सही चुकीच्या दाबावर चालतो.

उतरवण्याचं काम ओळखीचं आहे: बॅटरीची निगेटिव्ह काढा, ऑइल काढा, चाकं, एक्सल, स्टार्टर, वायरिंग, सबफ्रेम. इंजिनला वरून आधार द्या आणि ट्रान्समिशन जॅक वापरा, साध्या जॅकवर हे धूड तोलू नका. कन्व्हर्टरचे नट क्रँक फिरवत एकेक सोडा.

बसवताना घाई कराल तर सगळं वाया. कन्व्हर्टर हाताने दाबून फिरवत आत बसवा, तो टप्प्याटप्प्याने खाली जातो. काठावर सरळ पट्टी ठेवून खोली मोजा, पुस्तकातल्या मापाशी जुळली पाहिजे. गिअरबॉक्स हाताच्या जोरानेच इंजिनला टेकला पाहिजे, आणि टेकल्यावरही कन्व्हर्टर मोकळा फिरला पाहिजे. फिरत नसेल तर बोल्ट आवळून ओढू नका, मागे घ्या. ओढलात तर ऑइल पंप फुटतो.

जुना कूलर पुन्हा लावू नका. आधीच्या गिअरबॉक्सचं पोलादी चूर्ण त्याच्या बारीक वाटांत अडकलेलं असतं, धुऊनही पूर्ण निघेल याची खात्री नाही, आणि पहिल्याच फेरीत ते नव्या व्हॉल्व्ह बॉडीत जातं. परत आलेल्या गाड्यांत मला हेच कारण सर्वात जास्त सापडतं. कूलर, कागदी फिल्टर आणि एक्सलचे ऑइल सील नवेच घाला.

ऑइल भरा, इंजिन चालू करा, ब्रेक दाबून पी, आर, एन, डी प्रत्येकात काही सेकंद थांबा. गाडी सपाट ठेवून, पुस्तकात दिलेल्या तापमानाला लेव्हल तपासा. कमी पडलं तर पंप हवा ओढतो, जास्त झालं तर फेस होतो. जुनी शिकलेली मूल्यं स्कॅनरने पुसा, लर्निंग करून घ्या (कंट्रोल युनिटला नव्या गिअरबॉक्सची सवय लावणं), आणि पुन्हा घाटात न्या. हजारेक किलोमीटरनंतर गाडी परत बोलवा, थोडं ऑइल पांढऱ्या कापडावर काढून रंग बघा आणि दाबाचे आकडे पहिल्या दिवसाच्या आकड्यांशी ताडून बघा.