रामेन मागवायचं कसं
जपानात रामेनच्या, म्हणजे रश्शातल्या नूडल्सच्या, दुकानात बरेचदा दाराशीच तिकिटाचं मशीन असतं, पैसे टाका, बटण दाबा, तिकीट काउंटरवर द्या. रामेन मूळचं चिनी बरं का, १९१० ला टोकियोच्या असाकुसात राईराईकेन नावाचं दुकान उघडलं आणि तिथून गाजलं. पहिल्यांदाच खाताय तर शोयू घ्या, सोया सॉसवाला रस्सा. शिओ म्हणजे मिठाचा, अजून हलका. साप्पोरो शहराचा मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचा रस्सा, थंडीत भारी. फुकुओका शहरातल्या हाकाताचा तोनकोत्सु मात्र डुकराच्या हाडांचा, तासन्‌तास उकळून दुधासारखा पांढरा झालेला, नूडल्स एकदम बारीक, त्या संपल्या की 'काएदामा' म्हणायचं, नुसत्या नूडल्स परत मिळतात, म्हणून रस्सा आधीच संपवू नका! आणि खुशाल फुरके मारा. व्हेजवाल्यांनो, मिसो लिहिलंय म्हणून फसू नका, रस्सा बहुतेकदा हाडांचाच असतो.