ओव्ह्युलेशन किटवरच्या दोन रेषा कशा वाचायच्या

प्रेग्नन्सी टेस्टमध्ये दुसरी रेष कितीही फिकी असली तरी ती रेषच. ओव्ह्युलेशन, म्हणजे बीज सुटणं, कधी होणार ते सांगणाऱ्या किटचं तसं नाही. इथे फिकी दुसरी रेष म्हणजे ‘अजून नाही’. बहुतेकींची पहिली चूक इथेच होते.

हे किट लघवीतलं एलएच हे संप्रेरक मोजतं. ते शरीरात थोडंफार नेहमीच असतं, म्हणून फिकी रेष दिसते. बीज सुटायच्या साधारण २४ ते ३६ तास आधी ते एकदम उसळतं. पकडायची ती उसळी.

आधी कॅलेंडर घ्या. पाळी आली तो पहिला दिवस. तिथपासून पुढची पाळी यायच्या आदल्या दिवसापर्यंत मोजा आणि त्यातून १७ वजा करा. २८ दिवसांचं चक्र असेल तर अकराव्या दिवसापासून टेस्ट सुरू, ३२ चं असेल तर पंधराव्या. ‘चौदाव्या दिवशी बीज सुटतं’ हे सगळ्यांना लागू नाही. पाळी मागेपुढे होत असेल तर गेल्या काही महिन्यांतलं सर्वांत छोटं चक्र धरा.

सकाळची पहिली लघवी इथे नको. उसळी बऱ्याचदा पहाटे सुरू होते आणि लघवीत उतरायला काही तास जातात. दुपार किंवा संध्याकाळ, रोज एकच वेळ ठेवा. आधीचे दोन तास पाणी, चहा, ताक बेतानं. नाहीतर लघवी पातळ होऊन उसळी हुकते.

कोरड्या, स्वच्छ कपात लघवी घ्या. कॅसेट (प्लास्टिकची चपटी टेस्ट) असेल तर ड्रॉपरनं ‘एस’ लिहिलेल्या खाचेत पाकिटावर सांगितले तेवढेच थेंब टाका, सपाट ठेवा, मोबाइलवर टायमर लावा. ‘टी’ची (टेस्टची) रेष ‘सी’इतकी (कंट्रोलच्या रेषेइतकी) किंवा तिच्याहून गडद दिसली, तरच पॉझिटिव्ह. ‘सी’ उमटलीच नाही तर ती टेस्ट बाद. अर्ध्या तासानं कचऱ्यातून काढून पुन्हा निरखायची नाही (मोह होतो, माहीत आहे). उशिरा दिसणारी रेष धरत नाहीत.

पॉझिटिव्ह आली की तो दिवस आणि पुढचे दोन दिवस संबंध ठेवा. बीज जेमतेम १२ ते २४ तास टिकतं, शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत. त्यामुळे नुसती रेषेची वाट बघत बसू नका, आधीचे दिवसही तितकेच कामाचे.

पीसीओएस (संप्रेरकं बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास) असेल तर एलएच मुळातच चढं असू शकतं. मग किट दिवसेंदिवस पॉझिटिव्ह दाखवतं. अशा वेळी डॉक्टरांची सोनोग्राफीच खरी. बीज सुटावं म्हणून देतात ते एचसीजी या संप्रेरकाचं इंजेक्शन घेतल्यावरही रेषेवर भरवसा नको. आणि दिवस राहू नयेत म्हणून हे किट वापरू नका.

वर्षभर चान्स घेऊनही दिवस राहिले नाहीत तर डॉक्टरांकडे जा. पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिन्यांतच. नवऱ्याची वीर्यतपासणी त्याच वेळी करून घ्या. तुमचे महिनोन् महिने पट्ट्या भिजवण्यात जाण्याआधी त्यानं एकदा लॅबमध्ये जाऊन यायला काय हरकत आहे?