होडीला लाकडाऐवजी प्लास्टिक बसवताय? या चुका टाळा

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या वर ओढून शाकारल्या की माझ्या लेथसमोर रांग लागते. कुणाच्या हातात कुजलेली खुंटी, कुणाकडे झिजलेली कप्पी, कुणाकडे सुकाणूचा चिरलेला लाकडी बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ते नळकांडं. मागणी सगळ्यांची एकच: "दादा, अगदी अस्साच प्लास्टिकमध्ये काढून द्या." सगळा घोटाळा या 'अस्साच'मध्ये आहे. साग परवडत नाही, होडीचं काम जाणणारा सुतार वेळेवर मिळत नाही, म्हणून लोक प्लास्टिककडे वळतात. ते मला पटतं, माझं पोटही त्यावरच चालतं. पण लाकडाचं माप जसंच्या तसं प्लास्टिकला लावलं की होडी भर समुद्रात दगा देते.

सगळ्यात जास्त नुकसान केलंय ते सुकाणूच्या बुशाला वापरलेल्या नायलॉनने. काही वर्षांपूर्वी गणपती उरकल्यावर एका ओळखीच्या तांडेलाचा फोन आला. सुकाणू जाम झालं होतं. आधी आठवडाभर जड फिरत होतं, मग दोन खलाशी लावूनही हलेना. शेवटी दुसऱ्या बोटीने ओढून आणून खाडीत लावली होती. बोटीच्या मालकाने, नाखव्याने, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात घाईघाईने पांढऱ्या नायलॉनचा बुश दुसरीकडून करून घेतला होता. बसवला त्या दिवशी दांडा त्यात लोण्यासारखा फिरला, म्हणून सगळे खूश.

ओहोटीला बोट गाळात बसली. भरती परत यायच्या आत काम उरकायचं होतं, हाताशी जेमतेम चार तास. फळ्या टाकून त्यांवर दोन जॅक लावले, तेव्हा कुठे सुकाणू इंच इंच करत खाली उतरलं. मग हॅक्सॉचं नुसतं पातं हातात धरून बुशाला आतून उभी चीर पाडायला घेतली. निम्म्यावर आलो आणि पातं चिमटीत धरावं तसं आवळलं गेलं. कापलेली फट आपोआप मिटत होती, इतका तो बुश नळीत कोंडला होता. तीन पाती मोडली. काढलेल्या तुकड्याची जाडी व्हर्निअरने मोजली, तर 10 मिलिमीटरची 10.3 झाली होती. दोन्ही बाजू मिळून आतलं भोक 0.6 ने आवळलं आणि दांड्याभोवती फट ठेवलेली फक्त 0.2.

कारण साधं आहे. नायलॉन पाणी पितं. नायलॉन 6 ही जात पूर्ण भिजली की स्वतःच्या वजनाच्या नऊ टक्क्यांच्या आसपास पाणी घेते आणि फुगते, जाडीत साधारण तीन टक्के. बाहेरून धातूची नळी असेल तर बाहेर फुगायला जागाच नसते, मग ते आत दांड्यावर येतं. जाड तुकड्यात पाणी मुरायला कित्येक आठवडे लागतात, म्हणून पहिल्या दिवशी सगळं छान वाटतं. कार्यशाळेत फिरवून बघितलं म्हणजे झालं, असं म्हणणाऱ्यांना मी हीच गोष्ट सांगतो.

सुकाणूला मी डेल्रिन नावाचं कडक प्लास्टिक वापरतो. ते पाणी फारच कमी घेतं. 50 मिलिमीटरच्या दांड्याला 0.4 ची फट ठेवतो आणि आतून उभ्या खाचा पाडतो, म्हणजे वाळू आत अडकून न बसता पाण्याबरोबर निघून जाते. महाग पडतं, हो. तीन पाती आणि हंगामातले बुडालेले दिवस धरले तर पडत नाही.

पांढरा रॉड विकत घेताना दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. तुकडा बादलीत टाका. तरंगला तर एचडीपीई (पॉलिथिनचा कडक प्रकार) किंवा त्याच्याच जातीतलं. बुडाला तर वजन करून तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याशी ताडून बघा. डेल्रिन पाण्यापेक्षा चाळीस टक्के जड असतं, नायलॉन फक्त पंधरा टक्के. जाळून वास बघायची पद्धत सोडा. डेल्रिन जळताना निघणारा वायू घातक असतो.

दुसरी चूक कडेच्या घासपट्टीची. एचडीपीई या कामाला उत्तम. कुजत नाही, धक्क्यावर घासलं तरी टिकतं. पण तापलं की लांबतं, आणि लाकडाच्या कितीतरी पट लांबतं. एक मीटर पट्टी दहा अंश तापली की साधारण दीड मिलिमीटर वाढते. काळी पट्टी दुपारच्या उन्हात सकाळपेक्षा तीस अंशांनी सहज वर जाते. म्हणजे तीन मीटरला तेरा-चौदा मिलिमीटर. सकाळी सातच्या गारव्यात गोल भोकं पाडून करकचून आवळलेली पट्टी दुपारी दोन स्क्रूंच्या मध्ये सापासारखी उठते, आणि शेवटचे स्क्रू फळीतून उपटून निघतात. मधलं एकच भोक गोल ठेवा, बाकीची लांबट करा. स्क्रूच्या डोक्याखाली रुंद वॉशर घाला, स्क्रू पूर्ण आवळून पाव आटा मागे घ्या. एवढा पाव आटा सोडायचा धीर नवशिक्यांना होत नाही. सैल राहील म्हणतात. राहू दे की, ती सरकायलाच हवी. दोन तुकड्यांच्या मध्ये बोट शिरेल एवढी फटही ठेवा.

मापाचं म्हणाल तर जुन्या तुकड्यावरून घेऊ नका. तो एका बाजूला झिजलेला असतो, दुसऱ्या बाजूला फुगलेला. दांडा मोजा, बैठक मोजा, भोकांची मधली अंतरं होडीवर मोजा. जुना तुकडा फक्त आकार कळायला.

जाडी वाढवा. एचडीपीई सागापेक्षा दहापट तरी लवचीक असतं. सागाच्या जाडीची खुंटी दोराच्या ओढीने वाकते.

आतले कोपरे टोकदार ठेवू नका, गोलाई द्या. तडा तिथूनच जातो.

एचडीपीईला इपॉक्सी धरत नाही. खरवडून लावा, दाबून ठेवा, महिन्याभरात पापुद्र्यासारखं सुटतं. बोल्टच लावा. बोल्टाखाली प्लास्टिक हळूहळू दबतं, म्हणून पहिल्या फेरीनंतर पाना फिरवून बघा.

उन्हात राहणारा भाग काळ्या एचडीपीईचा घ्या. पांढरा काही वर्षांत खडूसारखा होतो.

पीएलए या प्लास्टिकमध्ये थ्रीडी प्रिंटरवर छापलेला भाग डेकवर नको. ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि एप्रिलमधला बंद डबा तिथवर पोचतो. पाण्याखालच्या भोकाचं फिटिंग तर छापून बसवूच नका. तिथे जीव टांगणीला असतो.

प्लास्टिक कुजत नाही म्हणून खालची फळी तशीच सोडणाऱ्यांवर मात्र मला मनापासून राग येतो. पट्टीच्या मागे पाणी साचतं, वारा लागत नाही, आणि वरून सगळं ठणठणीत दिसत असताना आत फळी स्पंजासारखी होते. मी आधी फळी पूर्ण वाळू देतो, प्रत्येक भोकात तेल मुरवतो, रंगाचे दोन हात देतो, मगच पट्टी चढवतो. स्क्रू 316 या स्टेनलेस स्टीलचे, आणि दर पावसाळ्यात त्यांतले दोन-तीन काढून बघतो. स्क्रूच्या आट्यांना काळा ओला भुसा लागून आला, तर ती पट्टी त्याच दिवशी उतरवतो.

हे सगळं आठ दिवसांत होत नाही. फळी वाळायला वेळ लागतो, बुशाचा तुकडा खाडीच्या पाण्यात महिनाभर ठेवून मोजावा लागतो. बंदी सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात या. जुलैच्या अठ्ठावीस तारखेला आलेल्याला सुकाणूचा बुश मी करून देत नाही.