मोतीबिंदूच्या पेशंटची तयारी: नव्या सिस्टरांसाठी

मोतीबिंदूचं ऑपरेशन फेकोने (बारीक छेदातून, अल्ट्रासाऊंडने मोतीबिंदू फोडून) केलं तर बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत उरकतं. त्यानंतरचे चार ते सहा आठवडे मात्र तो डोळा पेशंटच्या घरी असतो: न्हाणीत, चुलीपुढे, गोठ्यात, होडीवर. म्हणून तयारीची सुरुवात ड्रॉप्सच्या बाटलीपासून नको, घराच्या चौकशीपासून करा.

पहिला प्रश्न, थेंब कोण घालणार? आपल्याकडच्या कितीतरी घरांत आजी-आजोबा दोघेच असतात, मुलं मुंबईला. आजोबांचा हात थरथरतो, आजींना बाटलीवरचं वाचता येत नाही. सून असेल तर सुनेचं, नाहीतर शेजारणीचं किंवा गावातल्या आशाताईंचं नाव आणि फोन नंबर केसपेपरवर लिहून घ्या. त्या व्यक्तीला ऑपरेशनच्या आधीच बोलावून शिकवा, कारण डिस्चार्जच्या दिवशी गाडी सुटायची घाई असते आणि कुणाचं लक्ष नसतं. "सगळं येतं" एवढ्यावर सोडू नका, तुमच्यासमोर घालून दाखवू द्या. साबणाने हात धुणं, खालची पापणी हलकेच खाली ओढणं, थेंब त्या खाचेत टाकणं, बाटलीचं तोंड पापणीला न लागू देणं, मग डोळा मिटून नाकाच्या बाजूचा कोपरा मिनिटभर बोटाने धरून ठेवणं. दुसऱ्या औषधाचा थेंब लगेच घातला तर पहिला वाहून जातो, मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची.

दुसरा प्रश्न, पुढच्या महिन्या-दीड महिन्यात घरात काय आहे? ऑपरेशन थंडीतच करावं हा समज अजून पक्का आहे, पण आजच्या पद्धतीत ऋतूने काही बिघडत नाही. कामाने बिघडतं. जुलैत तारीख दिली आणि दहाव्या दिवशी आजी लावणीला वाकून उभ्या राहिल्या, चिखलाचा हात डोळ्याला लागला, की सगळी मेहनत गेली. एप्रिल-मे असेल तर झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) आंबे काढताना मान वर असते आणि चीक, कचरा थेट डोळ्यात येतो. काजूच्या बिया भाजणारं घर असेल तर तो धूर आणि ते तेल डोळ्याला फार वाईट. गणपतीत घर माणसांनी भरतं आणि मोदकांच्या नारळांसाठी सगळ्यात म्हाताऱ्या बाईलाच विळीवर बसवतात. हे सगळं विचारून मगच डॉक्टरांना तारीख सुचवा. मोतीबिंदू फार पिकला असेल, डोळ्याचं प्रेशर वाढलं असेल तर थांबता येत नाही. तेव्हा नातेवाइकांना बसवून सांगा की या वर्षी ही कामं दुसऱ्याने करायची.

औषधांची चौकशी तोंडी करू नका. "घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीसकट आणा" असं सांगा. त्या पिशवीत तीन गोष्टी शोधा. लघवीच्या त्रासासाठी प्रोस्टेटची गोळी, विशेषतः टॅमसुलोसिन. तिच्यामुळे ऑपरेशनच्या वेळी बुबुळ ढिलं पडतं आणि बाहुली आकसते, सर्जनला आधी कळलं तर तो तयारीत राहतो. गोळी बंद करूनही हा परिणाम जाईलच असं नाही, त्यामुळे बंद केलीत का यापेक्षा कधी घेतली होती का, हे विचारा. दुसरी, रक्त पातळ करणारी गोळी. ती पेशंटने स्वतःहून थांबवायची नाही आणि आपणही सांगायची नाही, निर्णय डॉक्टरांचा. तिसरी, साखरेची औषधं. फक्त डोळ्यापुरत्या भुलीच्या इंजेक्शनखाली ऑपरेशन असेल तर हलका नाश्ता बहुधा चालतो, पण काय खायचं आणि कुठली गोळी किंवा इन्सुलिन घ्यायचं हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी पहाटेच्या एसटीने निघालेला पेशंट वाटेतच घामाघूम होतो.

खोकल्याबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं, "माका खोकलो नाय." तारीख पुढे जाईल या भीतीने माणसं लपवतात. त्यामुळे विचारण्यापेक्षा, ऑपरेशनच्या वेळी झोपावं लागतं तसं झोपवूनच बघा. पेशंटला कॉटवर सपाट झोपवा, उशी काढा, तोंडावर हलका कपडा धरा आणि पंधरा मिनिटं शेजारी थांबा. दमा, हृदयाचा त्रास, पाठीचा बाक, घुसमटण्याची भीती, सगळं तेवढ्यात कळतं. टेबलावर कळण्यापेक्षा इथे कळलेलं हजारपटीने बरं. बद्धकोष्ठाचंही आत्ताच विचारा, नंतर कुंथणं परवडत नाही.

अश्रूच्या पिशवीची तपासणी झाली का ते फाइलमध्ये पाहा. तपासताना सोडलेलं पाणी नाकात उतरायला हवं. दाबल्यावर पू येत असेल तर आधी त्याचा इलाज, मग मोतीबिंदू. किडलेला दात, पायाची चिघळलेली जखम, अंगावरचा फोड यांचंही तेच.

आदल्या दिवशी डोक्यावरून अंघोळ, नखं कापणं, पुरुषांची दाढी. आपल्याकडे डोक्याला खोबरेल भरपूर लावतात. त्या दिवशी नको, कारण तेलकट कातडीवर चिकटणारं कापड नीट बसत नाही. काजळ, कुंकू, नथ, केसातला वळेसर, सगळं उतरवून घरीच ठेवायला सांगा. मिश्री लावणाऱ्या बायकांना प्रेमाने पण स्पष्ट सांगा की त्या बोटाने डोळा पुसला जातो.

ऑपरेशनच्या सकाळी एकच गोष्ट मी कधीही घाईत करू देत नाही, ती म्हणजे डोळ्याची खात्री. "उजवा ना हो?" असं विचारलं तर घाबरलेला माणूस "हो" म्हणतो. "कुठल्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, हात लावून दाखवा" असं विचारा. मग संमतीपत्र, केसपेपर, लेन्सच्या नंबरचा कागद आणि भुवईवरची खूण, चारही एकमेकांशी जुळवा. एकाच नावाचे दोन पेशंट एका दिवशी येणं आपल्याकडे नवलाचं नाही, गावाचं नाव आणि वयही विचारा.

त्यानंतर साखर आणि बीपी. बाहुली मोठी करणारे थेंब दर दहा-पंधरा मिनिटांनी, डॉक्टरांनी लिहिले असतील तितके. त्यात फेनिलेफ्रिन असतं, ते बीपी वाढवू शकतं, म्हणून जास्तीचा थेंब स्वतःच्या मनाने घालायचा नाही. पोव्हिडोन आयोडिन या जंतुनाशकाकडे जास्त लक्ष द्या. पापण्यांच्या आत, डोळ्यावर वरून घालायला 5 टक्क्यांचं, पापण्या आणि भोवतालच्या कातडीला 10 टक्क्यांचं. हात धुण्याचा साबणवाला स्क्रब डोळ्यात गेला तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजतो. बाटल्या एकाच रंगाच्या दिसतात, प्रत्येक वेळी लेबल वाचा. डोळ्यात घातल्यावर तीन मिनिटं तरी राहू द्या. ऑपरेशननंतर होणारा आतला जंतुसंसर्ग टाळण्यासाठी हे सगळ्यात भरवशाचं पाऊल आहे आणि नेमकी घाई इथेच होते.

ऑपरेशन थिएटरमध्ये नेण्याआधी लघवीला पाठवा, कवळी काढा. कमी ऐकू येणाऱ्यांना काय काय होणार ते आधीच समजावा, कारण तोंड झाकल्यावर त्यांना ओठही दिसत नाहीत. चादरीखाली हात धरा आणि सांगा, खोकला आला किंवा दुखलं तर हात दाबायचा, मान हलवायची नाही.

परत आणल्यावर पट्टी का आहे, भुलीमुळे पापणी काही तास जड का राहील, हे पेशंटलाच सांगा. खुपल्यासारखं वाटणं, थोडं पाणी येणं चालतं. उलटी होत असेल किंवा ठणका वाढत असेल तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा. झोपणं पाठीवर किंवा दुसऱ्या डोळ्याच्या कुशीवर. रात्री डोळ्यावर प्लास्टिकची वाटी, नाहीतर झोपेत हात जातोच.

घरी पाठवताना घराच्या भाषेत बोला. "जड उचलू नका" म्हणण्यापेक्षा "विहिरीचं पाणी शेंदायचं नाही, चुलीत फुंकर मारायची नाही, वाकून सारवायचं नाही" असं सांगा. डॉक्टर सांगतील तोवर मानेखालूनच अंघोळ आणि तोंड ओल्या स्वच्छ कपड्याने पुसणं. मासेमारीवर जाणाऱ्यांना खारं पाणी आणि वारा दोन्ही वर्ज्य. मध, एरंडेल, गुलाबपाणी, शेजाऱ्याची उरलेली बाटली, काहीही डोळ्यात घालायचं नाही. स्टेरॉइडचे थेंब हळूहळू कमी करायचे असतात, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचे नाहीत आणि उरले म्हणून पुढे चालवायचेही नाहीत, त्याने डोळ्याचं प्रेशर वाढतं. पांढुरकं औषध असेल तर बाटली हलवून घ्यायची.

आणि हे मात्र तीनदा सांगा, शेवटी त्यांच्याकडून वदवून घ्या: दुखणं वाढलं, लाली वाढली, आदल्या दिवशी दिसत होतं ते धूसर झालं, पापणी सुजली, पू आला, समोर चमकलं किंवा पडदा सरकल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी यायचं. जंतुसंसर्ग बहुधा पहिल्या आठवड्यात दिसतो आणि त्यात तासांना किंमत असते. खाडीपलीकडचा पेशंट असेल तर फेरी किती वाजता बंद होते, रात्री रिक्षा किंवा गाडी कुणाची मिळेल, पावसात कुठला रस्ता पाण्याखाली जातो, हे तुम्ही विचारा आणि गाडीवाल्याचा नंबर डॉक्टरांच्या नंबरखाली त्याच कागदावर लिहा. तो कागद मोठ्या अक्षरांत असू द्या आणि फाइलमध्ये न ठेवता थेंब घालणाऱ्या व्यक्तीच्या हातात द्या. चष्म्याचा नंबर काढायला कधी यायचं ती तारीखही त्यावरच.